शहाण्णव साल आधी लागलं

बाळ टिपणिसांच्या हातून अकरा वर्षांत एकदाही चूक झाली नव्हती. ही गोष्ट नवप्रकाश सोसायटीत सगळ्यांना पाठ होती, कारण ती सांगणारे स्वतः बाळ टिपणीसच होते.

मुलुंड पूर्वेच्या ह्या सोसायटीत महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी तळमजल्यावरच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवतात. गणपती बसतो तोच हॉल. पडदा बाळरावांनी आणलेला, प्रोजेक्टर बाळरावांनी निवडलेला आणि लॅपटॉपला हात लावायची परवानगी फक्त बाळरावांना. विमा कंपनीतून निवृत्त झाल्यापासून माणसाने दुसरं काही मनावर घेतलं नाही म्हणा ना. चारला सिनेमा सुरू आणि सव्वापाचला चहा, कारण ह्या सिनेमा मंडळातल्या निम्म्यांना मधुमेह. चहा-बिस्किटाची वेळ टळली की माणसं गळपटायची. म्हणून सिनेमा कितीही लांब असो, तो दोन तुकड्यांतच लागायचा. आणि संपला की चिठ्ठ्या. प्रत्येकाने आपलं मत चिठ्ठीवर लिहायचं, नाव घालायचं नाही, चिठ्ठी वर्गणीच्या डब्यात टाकायची. मग बाळरावांनी त्या सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायच्या. अक्षरावरून कोणाची ते कळायचंच; पण कळलं तरी कळलं नाही असं दाखवायचं. तोंडावर गोडगोड बोलणारी माणसं चिठ्ठीत अशी काही सोलून काढायची की विचारू नका.

त्या शनिवारचा सिनेमा बाळरावांच्या मुलीचा होता. दीप्तीचा. आणि दीप्ती न् बाळराव चार वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते.

कारण काय, तर तिने बँकेतली चांगली नोकरी सोडली आणि सिनेमा करते म्हणाली. बाळराव दारात उभे राहून म्हणाले होते, "हे खूळ उतरलं की ये. तोवर मला मुलगी नाही." म्हणाले आणि दार लावून घेतलं. रागाच्या भरात माणूस बोलून जातो, पुढे बोललेलं निस्तरता येत नाही, आणि वाट बघत बसतो की समोरचा विसरेल. समोरचा कसला विसरतोय! दीप्ती अंधेरीला मैत्रिणींबरोबर राहायला गेली. आईला रोज फोन करायची. फोन आला की बाळराव टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि कान मात्र फोनकडे.

मागच्या आठवड्यात कुंदाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, भाजी निवडता निवडता विषय काढला. "दीप्तीचा सिनेमा झालाय. तिचा निर्माता म्हणतो, लोकांना कळणार नाही. सिनेमात नायिका मागच्या काळात जाते, शहाण्णव सालात. तो म्हणतो, शहाण्णव साल कापून वीस मिनिटांवर आणा आणि सुरुवातीला निवेदक घाला, समजावून सांगायला. ही म्हणते, एका अक्षरालाही हात लावू देणार नाही. शेवटी असं ठरलंय की साध्या माणसांना दाखवायचा, त्यांची मतं सोमवारी सकाळी त्याच्यापुढे ठेवायची. त्यांना कळला तर राहील, नाही कळला तर कापायचा."

"मग?"

"मग काय, ती म्हणाली, आपल्या मंडळात दाखवू. चिठ्ठ्या खोटं बोलत नाहीत म्हणाली." कुंदाताईंनी मेथीची एक काडी उगाचच दोनदा निवडली. "आणि म्हणाली, बाबांनी लावला तरच."

चार वर्षांत लेकीने मागितलेली ही पहिली गोष्ट.  "लावतो म्हणावं," एवढं म्हणून बाळराव गॅलरीत गेले आणि बराच वेळ वाळलेल्या कपड्यांकडे पाहत उभे राहिले.

दीप्तीने आईच्या हाती दोन पेन ड्राइव्ह पाठवले. निळ्यात पहिला भाग, लालात दुसरा. ती स्वतः येणार नव्हती. करणारी समोर बसली की माणसं खरं लिहीत नाहीत. सातला येऊन चिठ्ठ्या तेवढ्या घेऊन जाईन, असा निरोप होता.

आता चूक कशी झाली ते ऐका. बेफिकीर माणसाच्या हातून ही झालीच नसती. मंडळाच्या पहिल्या वर्षी एकदा चहानंतर तारेच्या दोषाने आवाज गेला होता, तेव्हापासून बाळरावांचा नेम होता: सकाळी उठून आधी दुसरा भाग तपासायचा. पहिल्या भागात घोटाळा झाला तर निस्तरता येतो, दुसऱ्यात झाला तर लोक चहा पिऊन घरी जातात, हे त्यांचं तत्त्वज्ञान. तपासायचं तेही डोळे मिटून, फक्त आवाज. सिनेमा आधी बघून ठेवणं त्यांच्या नियमात बसत नसे. तर सकाळी लाल पेन ड्राइव्ह लावला, आवाज ऐकला आणि तो तसाच लॅपटॉपला राहिला. निळा हरवू नये म्हणून त्यांनी सदऱ्याच्या खिशात जपून ठेवला. चारच्या ठोक्याला सेक्रेटरी शिवदास पंख्याची तक्रार घेऊन आले, बाळरावांनी त्यांना हाताने गप्प केलं आणि बटण दाबलं. अति तिथे माती म्हणतात ती ही.

पडद्यावर अक्षरं आली, "साल १९९६". एका जुन्या इमारतीच्या लिफ्टचं दार उघडलं आणि जीन्स घातलेली एक मुलगी भांबावून बाहेर आली. हॉलमध्ये पंचवीस माणसं गप्प बसून बघत होती. चार मिनिटं झाली असतील. बाळराव चष्मा पुसायला रुमाल काढायला गेले आणि बोटाला खिशातला पेन ड्राइव्ह लागला.

त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. खिशातला बाहेर काढला. निळा. लॅपटॉपकडे पाहिलं. लाल.

बटणावर बोट गेलं. थांबवायचं, दिवे लावायचे, "माफ करा मंडळी" म्हणायचं, संपलं. शिवदास वर्षभर पुरवून पुरवून चिडवतील, चिडवू दे. पण तेवढ्यात पडद्यावर जिन्यावरून अडतिसेक वर्षांचा एक माणूस उतरला. हातात गुंडाळलेले कागद, आणि स्वतःशीच हातवारे करत नाटकातली वाक्यं म्हणतोय. कामवाली समोर आली तर तिलाच म्हणाला, "महाराज, आपण आलात!" ती बाई घाबरून भिंतीला चिकटली. हॉल हसला.

बाळरावांचं बोट बटणावरून खाली आलं.

ते स्वतः असेच उतरायचे. विमा कंपनीच्या नाटकात सलग सात वर्षं काम केलं होतं त्यांनी, दोनदा बक्षीस. हे लेकीला सांगितल्याचं त्यांना आठवत नव्हतं. मग हिला कुठून कळलं? त्यांना वाटलं, आणखी दोन मिनिटं बघू, मग थांबवू. मग आणखी दोन मिनिटं.

शहाण्णव सालातल्या त्या माणसाला एक व्यावसायिक नाटक कंपनी दौऱ्यावर बोलावते. मोठी भूमिका, तीन महिने सगळा महाराष्ट्र. नेमकी तेव्हाच त्याची पाच वर्षांची मुलगी टायफॉइडने आजारी पडते. तो आठ दिवस दवाखान्यात तिच्या उशाशी बसतो, दोन रुमालांच्या बाहुल्या करून त्यांना दोन आवाज देतो, आणि मुलगी तापातही खुदकन हसते. कंपनीला तो नाही म्हणून कळवतो. घरी येऊन बायकोला मात्र सांगतो, "त्यांनी दुसराच कोणी घेतला." आणि ते सगळं दवाखान्याच्या बाकावर बसून बघत असते ती लिफ्टमधून आलेली मुलगी, नीलम. तिच्याकडे कोणाचंच लक्ष नाही.

बाळरावांनी दचकून तिसऱ्या रांगेत पाहिलं. "त्यांनी दुसराच कोणी घेतला" हे वाक्य त्यांनी जगात एकाच व्यक्तीला सांगितलं होतं, आणि ते खोटं होतं. कुंदाताई ताठ बसल्या होत्या, मागे वळल्या नाहीत. म्हणजे हिला ठाऊक होतं. सगळी वर्षं ठाऊक होतं आणि एका शब्दाने बोलली नाही! बाळरावांना राग यावा की रडू यावं तेच कळेना.

मग नीलम पुन्हा लिफ्टमध्ये शिरते, लिफ्ट वर जाते, आजच्या काळात थांबते. ती एका दारावरची बेल वाजवते. म्हातारा झालेला तोच माणूस दार उघडतो, कपाळावर चष्मा. काही बोलत नाही. नुसता दार धरून उभा राहतो. पडदा काळा झाला.

दिवे लागले. सव्वापाच.

अजूनही सांगता आलं असतं. बाळराव तोंड उघडून शिवदासांकडे निघालेही. पण चहाच्या टेबलाजवळ एवढा गलका चालला होता की घोडं तिथेच अडलं.

"मला एक सांगा, ही पोरगी कोण?" चंद्रप्रकाश विचारत होते. पहिल्या मजल्यावरचे, कापडाचे व्यापारी, जन्म मुलुंडचा. "भाडेकरू आहे, नर्स आहे, का त्या बाईची सवत आहे?"

"सवत काय, चंद्रप्रकाशभाई! ती त्याची मुलगी आहे," नलिनीबाई म्हणाल्या. त्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या आवाजातून फळा अजून गेला नव्हता.

"मुलगी तर दवाखान्यात झोपलीय."

"तीच मोठी होऊन आलीय."

"आणि झोपलीय पण तीच? वाट लागली."

"अहो काका, तीच तर मजा आहे!" हा प्रबुद्ध. तिसऱ्या मजल्यावर राहणारा, कॉम्प्युटरवाला, असले सिनेमे रात्रंदिवस बघणारा. त्याने बिस्किटाच्या पुड्यावर पेनने बाण काढायला सुरुवात केली होती. "ही कुठून आली, का आली, काहीच सांगितलं नाहीये. म्हणजे आता इंटरव्हलनंतर सुरुवात दाखवणार. शेवट आधी, सुरुवात नंतर. एकदम झकास! टिपणीस काका, दीप्तीने कमाल केलीय यार."

"धाडस आहे बाई मुलीत," नलिनीबाई म्हणाल्या.

आता काय बोलणार, कप्पाळ? बाळरावांनी चहाचा घोट घेतला आणि त्या घोटाबरोबर कबुलीही गिळली. लोकांना जर हे धाडस वाटतंय तर चिठ्ठ्या चांगल्याच येतील, लेकीचं भलंच होईल, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली. समजूत घालायला माणसाला किती थोडं पुरतं! ते परत जागेवर आले आणि निळा पेन ड्राइव्ह लावला.

बटण दाबण्याआधी मात्र त्यांनी चष्मा दोनदा पुसला. कारण पहिल्या भागात काय असणार हे त्यांना न बघताच ठाऊक होतं.

तेच होतं. आजचा काळ, नीलम नोकरी सोडते, घरी येऊन सांगते. कपाळावर चष्मा ठेवलेला बाप दारात उभा राहतो आणि म्हणतो, "हे खूळ उतरलं की ये. तोवर मला मुलगी नाही." शब्दाला शब्द. तिने एक काना-मात्रा बदलली नव्हती. हॉलमध्ये कोणीतरी जोरात "चक्" केलं. नलिनीबाई "अगं आई गं" म्हणाल्या. दार लागलं. नीलम बराच वेळ जिन्यात बसून राहिली, मग लिफ्टमध्ये शिरली. लिफ्ट खाली निघाली, तळमजला गेला तरी खालीच जात राहिली, आणि तिथेच पडदा काळा झाला.

हे होतं मध्यंतर. हॉलला तो शेवट वाटला.

दिवे लागले तरी कोणी उठेना. चहाआधी हसता-खेळता असलेला माणूस चहानंतर लेकीला हाकलतो आणि सिनेमा संपतो, असं त्यांना दिसलं होतं. बाळरावांना तेव्हा कुठे कळलं, आपण काय करून बसलो. नुसता क्रम नव्हता उलटा झाला. दीप्तीने ज्या बापाला शेवटी दार उघडायला लावलं होतं, त्याला त्यांनी स्वतःच्या हाताने दार लावायला लावलं. पुन्हा एकदा.

माणसं मान खाली घालून लिहीत होती. डबा फिरला. बाळराव पुढे येऊन उभे राहिले आणि नेहमीप्रमाणे वाचू लागले.

"सिनेमा छान. समजला नाही. चहात आलं जास्त."

"लिफ्ट तळमजल्याच्या खाली जाते हे सुरक्षिततेच्या दृष्टीने चूक आहे. देखभालीचा करार कोणाकडे आहे ते दाखवलेलं नाही." शिवदासांनी पंख्याकडे पाहिलं.

"अप्रतिम! पण एक शंका. नीलम जर शहाण्णवमध्ये जाऊन आली असेल तर तिला बाप चांगला असल्याचं आधीच माहीत आहे, मग भांडण होतंच कसं? की हे भांडण परत आल्यावर दुसऱ्यांदा झालं? सोबत आकृती जोडली आहे." आकृतीत अकरा बाण होते आणि एका बाणावर "इथे मी अडकलो" असं लिहिलं होतं.

"बाप पहिला एवढा मस्त माणूस, नंतर एवढा खडूस कसा झाला? मधे काय झालं ते दाखवायला पाहिजे होतं."

बाळराव इथे थांबले. घोटभर पाणी प्यायले. पुढची चिठ्ठी प्रबुद्धच्या बायकोची होती, दर्शनाची. तिचं अक्षर टपोरं.

"मला शेवट पाहून संताप आला. लहानपणी उशाशी बसलो म्हणून मोठेपणी दार लावायचा हक्क मिळतो का?"

"बापाचं काम करणारा नट फार खरा वाटला. आपल्याच इमारतीतल्या एका गृहस्थांची आठवण झाली. नाव लिहीत नाही."

 नाव कोणाला कळलं नाही? सगळ्यांना कळलं. नियम म्हणून सगळे पायाकडे बघत बसले. बाळरावांनी त्या पंचवीस चिठ्ठ्या एकामागोमाग एक वाचल्या, एकही गाळली नाही. शेवटची कोरी होती, चार घड्या घातलेली. वाण्याच्या यादीला अशा घड्या घालणारी व्यक्ती घरातलीच होती. तीही त्यांनी उघडून सगळ्यांना दाखवली आणि डब्यात ठेवली.

माणसं पांगली. कुंदाताईही वर गेल्या, जाताना म्हणाल्या, "येईल आता ती." खुर्च्या रचता रचता बाळरावांना दारात चाहूल लागली.

दीप्ती उभी होती. केस आखूड केले होते. चार वर्षांत जरा वाळली होती. 

"चिठ्ठ्या," ती म्हणाली.

त्यांनी डबा उचलला आणि छातीशी धरला. "थांब. ह्या नेऊ नकोस. ह्या चुकीच्या सिनेमावर आहेत."

"म्हणजे?"

"लाल आधी लागला. निळा नंतर."

दीप्तीला अर्थ लागायला क्षणभर लागला. मग ती मटकन खुर्चीवर बसली. "म्हणजे शेवट काय दिसला त्यांना? दार लागलेलं?"

"हो."

"मुद्दाम केलंत?"

दुपारपासून ज्या शब्दाची भीती होती तो हाच. "नाही गं. शपथ. सकाळी तपासला आणि तसाच राहिला."

"कळलं कधी?"

खोटं सांगता आलं असतं. संपल्यावर कळलं म्हटलं असतं तर ती वैतागली असती आणि सोडून दिलं असतं. "चार मिनिटांत," बाळराव म्हणाले.

"चार मिनिटांत कळलं आणि तुम्ही दोन तास चालू दिलात? बाबा, सोमवारी माझं शहाण्णव साल कापणार आहेत! तुम्हाला काही कळतंय का? मी म्हणाले होते, बाबांनी लावला तरच. मला वाटलं, निदान हे तरी तुम्ही नीट कराल!"

"लोक हसले असते," ते पुटपुटले. "अकरा वर्षांत कधी... आणि प्रबुद्ध म्हणाला, झकास आहे..."

"लोक हसले असते म्हणून?"

बाळरावांनी डबा खाली ठेवला. मग कोणी बांध फोडावा तसं त्यांच्या तोंडून बाहेर पडलं. "नाही. लोकांचं नाही. तो माणूस जिना उतरत आला ना, कागद हातात घेऊन, मला थांबवताच येईना. मला बघायचं होतं तू त्याला कसं ठेवलंयस. निळा आधी लागला असता तर मी ते दाराचं ऐकलं असतं आणि उठून निघून गेलो असतो, दीप्ती. शिवदासला म्हटलं असतं, तू लाव पुढचं. मी दुसऱ्या भागापर्यंत बसलोच नसतो. मला कधी कळलंच नसतं की तुला ते रुमाल आठवतात."

 दीप्तीने डबा ओढून घेतला आणि चिठ्ठ्या वाचू लागली. आलं जास्त वाचून तिच्या कपाळाला आठी पडली, आकृती पाहून ती इकडून तिकडून कागद फिरवत राहिली, दर्शनाची चिठ्ठी तिने दोनदा वाचली. "ह्या तुम्ही वाचून दाखवल्यात? सगळ्यांसमोर?"

"नियम आहे."

"ही पण? आपल्या इमारतीतल्या गृहस्थांची?"

"नलिनीबाईंची ती. नाव न घेता कान उपटायची त्यांना शाळेपासून सवय आहे," बाळराव म्हणाले, आणि दाराजवळच्या इंटरकॉमपाशी गेले. पहिला नंबर त्यांनी शिवदासांचा फिरवला. "टिपणीस बोलतोय. माझी चूक झाली. भाग उलटे लागले... हो, मीच लावले. हो, अकरा वर्षांत पहिल्यांदा, हसा... उद्या सकाळी दहाला पुन्हा लावतोय, सरळ. शेवट तो नाहीये. बाप दार उघडतो शेवटी. या, आणि पुन्हा लिहा." मग चंद्रप्रकाश. मग नलिनीबाई. मग प्रबुद्ध, जो पाच मिनिटं हे मान्यच करेना. एकेका घराला तेच, "माझी चूक झाली." सातव्या-आठव्या घराला आवाज बसला, तरी ते फिरवत राहिले. दीप्ती खुर्चीत बसून ऐकत होती.

सगळं झाल्यावर ते येऊन तिच्यासमोर बसले.

"तुम्ही चिठ्ठी लिहिली नाहीत," ती म्हणाली.

"लावणारा लिहीत नाही."

"आज सांगा. तोंडी. कसा वाटला?"

बाळरावांनी चष्मा काढून हातात धरला. "डोक्यावरून गेला बराचसा. ती लिफ्ट वगैरे. पण शेवटी एक चूक आहे."

"कोणती?"

"तो दार उघडतो आणि नुसता उभा राहतो. बोलत नाही. असं नको. एवढ्या लांबून आलीय ती, शहाण्णव सालातून. काहीतरी बोलायला पाहिजे त्याने."

"तो बोलणारा माणूस नाही, बाबा. मी पुष्कळ लिहून पाहिलं. त्याच्या तोंडी काही शोभेना." तिने मान वर केली. "काय बोलेल तो?"

"'चुकलं माझं, नीलम,'" बाळराव म्हणाले. म्हणताना त्यांचा आवाज आपोआप खर्जात गेला, खांदे सरळ झाले, शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असा सुटला. सात वर्षांची सवय, ती कुठे जातेय.

दीप्तीने मान हलवली. "नाटकी झालं. पुन्हा."

बाळरावांनी तोंड उघडलं. खर्ज येईना. खांदे तर केव्हाच खाली आले होते. समोर आखूड केसांची लेक बसली होती आणि तिचे डोळे भरले होते, आणि पुढचं वाक्य त्यांना कोणी लिहून दिलेलं नव्हतं.

"चुकलं माझं, दीप्ती," ते म्हणाले. दुसऱ्या खुर्चीलाही ऐकू गेलं नसतं इतकं हळू.

 दीप्तीने हाताच्या पालथ्या बाजूने नाक पुसलं.

"हे सिनेमात नाही घालायचं," ती म्हणाली. "हे माझं आहे."